दोन गाड्यांचे एक छायाचित्र

माणसाविषयी लिहायचे तर त्याचे चांगले तेवढेच लिहावे, असे आमच्या पाद्रीबाबांचे मत आहे. त्यांचा मान राखूनही हे मत मला मान्य करता येत नाही. माझे धाकटे दीर माइनराड ट्रेश यांच्याविषयी मी जे लिहीत आहे ते मी त्यांना वाचून दाखवले आहे, आणि "वहिनी, ते झाडाचं मात्र गाळू नकोस," एवढीच सूचना त्यांनी केली आहे. म्हणून झाडाचे मी गाळलेले नाही.

माइनराड हे आमच्या ओबरमात गावचे रानराखे होते. गावाच्या डोक्यावर, उभ्या उतारावर फरच्या झाडांचे जे रान आहे, ते हिवाळ्यात वरून सुटणारे बर्फाचे लोट अडवून धरते. ते रान आहे म्हणून खाली घरे आहेत. हे रान गावातल्या जुन्या घराण्यांच्या सामाईक मालकीचे आहे. त्या हक्कदारांची सभा दरवर्षी पानगळीच्या दिवसांत शाळेच्या मोठ्या खोलीत भरते आणि रानराखा तीच सभा नेमते. रानातले झाड पाडायचे असेल तर रानराख्याने आधी त्याच्या बुंध्यावर आपल्या हातोड्याची खूण उमटवावी लागते. ती खूण नसेल तर वाळलेल्या फांदीलाही कोणी कुऱ्हाड लावत नाही. मी दक्षिण इटलीतून इथल्या खानावळीत भांडी घासायला आले आणि आल्बिन ट्रेश यांच्याशी लग्न करून इथेच राहिले. या गावाचा हा पहिला नियम मला भाषेच्याही आधी शिकवण्यात आला.

माइनराड यांनी चाळीस वर्षे तो हातोडा वागवला. झाड आजारी आहे असे त्यांनी म्हटले की ते आजारी. निरोगी म्हटले की निरोगी. त्यावर दुसऱ्याचे मत घेण्याची रीत गावात उरली नव्हती. सभेचे अध्यक्ष अम्ब्रोस याउख, जे कोणाचीही थट्टा सोडत नाहीत, ते खानावळीत म्हणत, "माइनराडनं माझ्याकडे बघून किडा लागलाय म्हटलं, तर मी बायकोचा निरोप घेऊन आडवाच होईन."

आता गाड्यांचे सांगते. आमच्याकडे रेल्वेचा मार्ग एका दमात डोंगर चढत नाही. तो डोंगरात शिरतो, आत गोल फिरतो आणि पहिल्यापेक्षा वर बाहेर पडतो. त्यामुळे एकच गाडी प्रथम खाली दगडी पुलावर दिसते, मग मधल्या टप्प्यावर उलट्या दिशेने जाताना दिसते आणि शेवटी वरच्या उंच पुलावर. माझे यजमान रुळांच्या दुरुस्तीच्या टोळीत होते. त्यांना गाडी म्हणजे बाजूला सरकायची वेळ, एवढेच वाटे. माइनराड यांचे तसे नव्हते. रानात एका कड्यावर एक सपाट खडक आहे. तिथे बसून ते दुपारची पाव-चीजची शिदोरी खात आणि तिथूनच त्यांना गाड्यांचा नाद लागला. आल्टडॉर्फच्या एका घड्याळजीकडून त्यांनी जुना कॅमेरा घेतला. तेलाच्या टाक्यांच्या गाड्या, नव्या मोटारींनी लादलेल्या गाड्या, लाकडाच्या, डब्यावर डबे रचलेल्या, मागून दुसरे इंजिन लावून ढकललेल्या, मिलानच्या आणि झ्युरिखच्या उतारूंच्या, अशा सर्व गाड्यांची छायाचित्रे त्यांनी काढली. ते चालकांना टोपी उंचावून नमस्कार करत. कित्येक चालक त्यांना ओळखत आणि शिट्टी देत. जेवायला ते आमच्याकडेच असत, कारण त्यांनी लग्न केले नाही. कोणी कारण विचारले, तर "वेळापत्रकात बसलं नाही," असे ते म्हणत.

गाड्यांची छायाचित्रे काढणारे लोक दूरदूरच्या देशांतून आमच्या घाटात येतात, आणि त्यांच्याही काही रीती आहेत. आधी आलेला पुढे उभा राहतो, नंतर आलेला मागे. गाडी आली की कोणी मान वर करत नाही. आणि समोर फांद्या आड येत असतील तर घडीची करवत काढून त्या छाटायच्या, स्वतःसाठी आणि पुढे येणाऱ्यांसाठी. हे ते पुण्यकर्म समजतात. माइनराड यांना त्यांच्या सर्व रीती पसंत होत्या, ही एक सोडून. रॉटरडॅमहून दरवर्षी येणाऱ्या एका सज्जन गृहस्थांची करवत त्यांनी पहिल्याच भेटीत काढून घेतली होती. "ह्या रानात झाड पडलं, तर ते एकतर वाऱ्यानं पाडलेलं असतं, नाहीतर मी," ते त्यांना म्हणाले होते. "तुम्ही दोघांपैकी कोणीच नाही." पुढे त्या दोघांची चांगली मैत्री झाली, पण करवत परत मिळाली नाही.

माइनराड यांची एकच इच्छा अपुरी होती. खालच्या दगडी पुलावर चढणारी मालगाडी आणि त्याच क्षणी वरच्या पुलावरून उतरणारी उतारूंची गाडी, दोन्ही उन्हात, एका छायाचित्रात हवी होती. दोन्ही पूल एकदम दिसतात अशी जागा त्या खडकावाचून दुसरी नाही. ऐकायला हे सोपे वाटते. परंतु गाड्या जुळत तेव्हा ढग येई, ऊन असे तेव्हा मालगाडी चार डब्यांची निघे, आणि एकदा सर्व काही जुळले तेव्हा कॅमेऱ्यातली फिल्म संपलेली होती. त्या दिवशी संध्याकाळी ते माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसले आणि न जेवता उठून गेले.

पुढे डोंगराच्या पायथ्याशी नवा लांब बोगदा झाला. मालगाड्या आणि जलद गाड्या खालून जाऊ लागल्या. वरच्या मार्गावर गावोगावची छोटी गाडी तेवढी उरली. बाहेरचे लोक येईनासे झाले, माइनराडही खडकावर जाईनासे झाले. त्याच सुमारास माइनराड निवृत्त झाले आणि हातोडा रमोना एप या मुलीच्या हाती आला. रमोना ही माइनराड यांची धर्मकन्या. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांनीच तिला हातात धरले होते, म्हणून इकडच्या रीतीप्रमाणे ती त्यांना ग्योटी म्हणते. ती रानाचे काम त्यांच्याच हाताखाली शिकली. सभेने तिला आधी तात्पुरते नेमले. कायम करण्याचा निर्णय सभा दरवर्षी पुढे ढकलत होती. बाईच्या हातात हातोडा शोभत नाही, असे म्हणणारे काही जुने हक्कदार होते. त्यांची नावे मी लिहीत नाही, कारण त्यांपैकी दोघे आता तिच्या बाजूचे आहेत.

मग काही वर्षांनी एका उन्हाळ्यात खालचा बोगदा बंद ठेवावा लागला आणि सर्व गाड्या पुन्हा वर आल्या. माझ्या फडताळातले कप पुन्हा किणकिणू लागले. खानावळीत परक्या भाषा ऐकू येऊ लागल्या. माइनराड यांनी निवृत्तीनंतर घेतलेला नवा, फिल्म न लागणारा कॅमेरा पुसला, बूट बांधले आणि ते खडकावर गेले. दुपारी परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पाहून मी ताट वाढता वाढता थांबले.

खडकाच्या अगदी समोर, इतक्या वर्षांत कोणाचे लक्ष नसताना, एक फर वाढून उभा राहिला होता. वरचा पूल दिसत होता. खालचा संपूर्ण झाकला गेला होता.

मी म्हटले की दुसरीकडून काढ. ते म्हणाले की दुसरीकडून दोन्ही पूल दिसत नाहीत. मालगाड्या काही आठवड्यांतच पुन्हा खाली जातील असे वर्तमानपत्रात आले होते, तेही त्यांनी सांगितले. मी म्हटले की मग रमोनाला विचार.

"काय विचारू, वहिनी? फोटोसाठी झाड पाड म्हणू?"

"तसं नको म्हणू."

"मग दुसरं काय म्हणणार? झाड धडधाकट आहे."

ते झाड निरोगी आहे हे त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात, बटाटे आणि मॅकरोनीच्या ताटासमोर, स्वतःच्या तोंडाने सांगितले होते, हे इथे नोंदवणे आवश्यक आहे.

दोन-तीन दिवस ते रोज वर जात राहिले. मालगाड्या येत होत्या, ऊन चांगले होते, आणि ते फरच्या मागून नुसता आवाज ऐकून परत येत होते. त्यानंतर ते रमोनाला घेऊन वर गेले. तिथे काय बोलणे झाले ते मला दोघांनीही वेगवेगळे सांगितले आहे आणि दोघांचे सांगणे सारखेच आहे.

रमोनाने झाडाभोवती फेरी घातली, बुंध्याशी वाकून भुसा पडला आहे का ते पाहिले, सालीवर नख मारून पाहिले. "ग्योटी, मला तर काही दिसत नाही," ती म्हणाली.

"वर बघ. शेंडा पिवळा पडलाय."

"तो उन्हाळ्यानं. सगळ्यांचाच पडलाय."

"किडा आहे, रमोना," माइनराड म्हणाले. "आता नाही पाडलं तर शेजारची चार जातील."

रमोनाने झाडाकडे पाहिले, मग दोन पावलांवरच्या खडकाकडे, मग त्यांच्याकडे. त्यांनी तिच्याकडे पाहिले नाही. तिने हातोडा उचलला आणि मुळाशी खूण उमटवली.

लाकूडतोड्यांनी झाड पाडले. त्याच आठवड्यात माइनराड यांनी मला वर येण्याचा आग्रह केला; असा आग्रह त्यांनी पूर्वी कधी केला नव्हता. मी सावकाश चढले. खडकावर बाहेरचे पाच-सहा जण आधीच उभे होते आणि त्यांत रॉटरडॅमचे ते गृहस्थही होते. आधी आलेल्याने पुढे राहायचे ही त्यांची रीत. तरीही माइनराड आलेले पाहून त्यांनी पुढची जागा मोकळी केली. माइनराड पुढे गेले. बुंध्याचा पांढरा गोल त्यांच्या पायाशी होता आणि कॅमेऱ्याची तिवई त्यांनी त्याच्या पलीकडे रोवली.

बराच वेळ काही झाले नाही. एक ढग आला आणि गेला. मग खालून घरघर ऐकू आली. मालगाडी पुलावर आली. दोन लाल इंजिने पुढे, मागे इतके डबे की शेपूट अजून बोगद्यात होते. ती पुलाच्या मध्यावर असतानाच वर, डोंगरातून, उतारूंची पांढरी गाडी बाहेर पडली. दोन्हींवर ऊन होते. मागे उभ्या असलेल्यांपैकी कोणी मान वर केली नाही. माइनराड यांच्या कॅमेऱ्याचा आवाज मी ऐकला. गाड्या गेल्यावर रॉटरडॅमच्या गृहस्थांनी त्यांचा हात दोन्ही हातांनी धरून हलवला. माइनराड यांनी मला कॅमेऱ्याच्या मागच्या लहान काचेत ते चित्र दाखवले. मी छायाचित्रांतली जाणकार नाही, परंतु ते सुंदर होते हे मला कळले. त्या रात्री ते भरपेट जेवले.

झाड किड्याचे म्हणून पाडले की त्याची साल सोलून काढावी लागते, नाहीतर किडा उडून दुसऱ्या झाडांवर बसतो. सालीखाली किड्याने कोरलेल्या वाटा असतात, बोटांच्या ठशासारख्या. लाकूडतोड्यांनी साल सोलली आणि आत काही नव्हते. लाकूड भाजलेल्या पावाच्या आतल्या भागासारखे स्वच्छ होते. ते लोक कमी बोलतात, पण खानावळीत येतात.

माइनराड यांचे नाव कोणीच घेतले नाही. खूण उमटवताना ते शेजारी उभे होते हे सर्वांना ठाऊक होते; पण त्यांच्याकडून झाडाच्या बाबतीत चूक होईल, हे लोकांच्या मनाला शिवले नाही, आणि ते खोटे बोलतील हे तर नाहीच. बुंध्यावर रमोनाची खूण होती. हातोडा ज्याचा, झाडही त्याचेच, असा आमच्याकडे नियम आहे. "पोरीला किडा आणि कोंडा यातला फरक कळेना," असे कोणी म्हणाले. माइनराडसारखा गुरू मिळूनही मडके कच्चेच राहिले, असे दुसऱ्याने म्हटले. सभा जवळ आली होती.

मी हे जेवताना माइनराड यांना सांगितले. लोक बोलतातच, असे ते म्हणाले.

"लोक काय बोलतात ते मी ऐकलंय," मी म्हटले. "तू काय बोलणार आहेस ते विचारतेय."

त्यांनी पावाचा आणखी एक तुकडा मोडून घेतला. रविवारी दुपारी रमोना आमच्याकडे कॉफीला येत असे. ती येईनाशी झाली होती. तिने कोणाजवळही तक्रार केली नाही. मला वाटते, ती काहीतरी बोलेल आणि मग आपल्याला फक्त होय म्हणावे लागेल, याची माइनराड वाट पाहत होते. तिने ती सोय करून दिली नाही.

सभेच्या दिवशी खोली भरली होती. आल्बिनची विधवा म्हणून मला तिथे बसण्याचा हक्क आहे, परंतु मी बहुधा मागे कॉफी ओतत असते. नेमणुकीचा विषय निघाला तेव्हा एका हक्कदाराने उठून आक्षेप घेतला: रानराखीने निरोगी झाड पाडले, आणि ज्या उतारावर एकेक झाड मोलाचे आहे तिथे पाडले. अध्यक्ष अम्ब्रोस याउख यांनी रमोनाला विचारले की यावर तिचे काय म्हणणे आहे.

"हातोडा माझा होता," रमोना म्हणाली. "मला आणखी काही सांगायचं नाही."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. माइनराड उभे होते.

"झाड निरोगी होतं," ते म्हणाले. "मला पाडायच्या आधीच ठाऊक होतं. तिला काही दिसलं नाही, तसं ती म्हणालीही. मी सांगितलं किडा आहे."

कोणाला काही समजेना. अम्ब्रोसनी विचारले, "का सांगितलंस?"

"खालचा पूल दिसत नव्हता."

"कुठून?"

"खडकावरून. फोटोसाठी."

मी किटली खाली ठेवली. अम्ब्रोस यांच्या तोंडून या वेळी काही थट्टा निघेल असे मला वाटले, निघाली नाही. त्यांनी माइनराड यांना विचारले:

"निदान फोटो तरी आला का?"

"आला."

"दाखव."

माइनराड यांनी कोटाच्या आतून जाड कागदावर छापलेले छायाचित्र काढले. त्यांनी ते बरोबर आणले होते यावरून उभे राहण्याचे त्यांनी घरीच ठरवले असावे, असे मी समजते. ते हातोहात फिरले. शेतकऱ्यांनी चष्मे काढले, चष्मे लावले. एकाने त्यात आपले कुरण ओळखले. दुसऱ्याने मान हलवून ते पुढे दिले. रमोनाकडे आले तेव्हा तिने ते न पाहता शेजाऱ्याला दिले, आणि मग ती उभी राहिली.

"आता सांगते," ती म्हणाली. "मी त्या दिवशी झाड पाहिलं होतं. ते बरं होतं हे मला कळत होतं. मी झाडाचं ऐकलं नाही, ग्योटींचं ऐकलं. असं पुन्हा होणार नाही. ग्योटींच्या बाबतीतही नाही, आणि इथं बसलेल्या कोणाच्याही बाबतीत नाही."

हात वर झाले. सगळे झाले नाहीत, पण पुरेसे झाले. रमोना कायम झाली.

मग अम्ब्रोसनी माइनराड यांचा विषय घेतला. ते छायाचित्र याच खोलीत, सभेच्या मेजामागे टांगावे, आणि या चित्रासाठी राखीव रानातला एक निरोगी फर पाडण्यात आला, असे त्याच्याखाली माइनराड यांनी स्वतःच्या अक्षरात लिहावे, असे ठरले. माइनराड यांनी मान्य केले. काही जण हसले आणि मला वाटले, प्रकरण संपले.

"अजून एक आहे, माइनराड," अम्ब्रोस म्हणाले. ते हसत नव्हते. "इथून पुढं झाडाबद्दल तुझं मत कोणी विचारणार नाही. आणि तू द्यायचंही नाहीस."

"बरोबर आहे," माइनराड म्हणाले आणि बसले. मी त्यांना कॉफी नेऊन दिली. ती त्यांनी निवू दिली.

लोकांनी तो निर्णय पाळला आहे. पूर्वी कोणीही वाटेत थांबून त्यांना विचारत असे की आमच्या अंगणातला अक्रोड का वाळतो आहे. आता ते लोक कुंपणापाशी त्यांना हवापाणी विचारतात आणि पुढे रमोनाच्या घरी जातात. माइनराड त्यांना जाताना पाहतात. त्याबद्दल ते माझ्याजवळ कधी बोललेले नाहीत, आणि मीही विचारलेले नाही.

बर्फ वितळल्यावर रमोना आमच्या दारात आली. हातात रोप होते, मुळे ओल्या गोणपाटात बांधलेली. फावडे कोणाकडे आहे, एवढेच तिने विचारले. माइनराड यांनी भिंतीवरचे फावडे घेतले आणि ते तिच्या मागे वर गेले. माझे गुडघे आता चढण मानत नाहीत, तरी मी गेले. मालगाड्या तोवर पुन्हा खाली गेल्या होत्या. रमोना खडकासमोर उतारावर फिरली, इकडे उभी राहिली, तिकडे उभी राहिली. रोप कुठे लावायचे याचे तिचे स्वतःचे हिशेब होते आणि माइनराड यांनी तोंड उघडले नाही. शेवटी जुन्या बुंध्याच्या किंचित वर, खडकाच्या बरोबर समोर, तिने बुटाच्या टाचेने मातीत खूण केली.

माइनराड यांनी त्या खुणेवरून खाली दगडी पुलाकडे पाहिले.

"इथंच?" त्यांनी विचारले.

"इथंच, ग्योटी."

त्यांनी फावडे रोवले आणि खणायला सुरुवात केली.